आयल ऑफ मॅनची छोटी स्टीम इंजिनं: दीडशे वर्षांनी त्यात जुनं काय उरलंय?

तुम्ही विचारलंय की मँचेस्टरच्या म्युझियममधे मधोमध कापून ठेवलेलं 'पेंडर' नावाचं छोटं इंजिन बघितलं, आणि तिथं कळलं की त्याची भावंडं आयल ऑफ मॅन बेटावर अजून गाड्या ओढतायत, तर १८७३-७४ ची ती इंजिनं आज खरंच तीच आहेत का, की नुसती नावाची पाटी जुनी आणि बाकी सगळं नवीन. आणि दुसरा प्रश्न, की ती सगळी एकसारखी का दिसतात. माझ्या मते दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ती एकसारखी आहेत म्हणूनच अजून आहेत. हे नीट सांगायचं तर थोडं खोलात जावं लागेल, कारण वरवर बघणाऱ्याला वाटतं की जुन्या काळी माल मजबूत असायचा म्हणून टिकली, आणि ते काही खरं कारण नाही. मी कुर्डुवाडीला नॅरोगेजच्या वर्कशॉपमधे बॉयलरच्या कामावर होतो, बार्शी लाईनची अडीच फुटी गेजची (म्हणजे दोन रुळांतलं अंतर अडीच फूट) इंजिनं हाताखालून गेलीत, त्यामुळं या बेटावरच्या इंजिनांकडं मी शेवटी बॉयलरवाल्याच्याच नजरेनं बघतो.

आधी थोडी हकीकत. आयल ऑफ मॅन म्हणजे इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातलं बेट, तिथं तीन फुटी (९१४ मिमी) गेजची रेल्वे टाकली. डग्लस ते पील ही लाईन १ जुलै १८७३ ला चालू झाली, डग्लस ते पोर्ट एरिन १ ऑगस्ट १८७४ ला. वर उत्तरेकडं रॅम्सीला जाणारी लाईन १८७९ ला झाली पण ती वेगळ्या कंपनीची, मँक्स नॉर्दर्नची. आज यातली फक्त पोर्ट एरिनची लाईन उरलीय, साडेपंधरा मैल, म्हणजे २५ किलोमीटरच्या आसपास. पील आणि रॅम्सी १९६८ ला कायमची बंद झाली.

इंजिनं बनवली बेयर पीकॉक कंपनीनं, मँचेस्टरच्या गॉर्टन कारखान्यात. (नागपूरच्या बाजूच्या जुन्या लोकांना हे नाव माहीत असेल, बंगाल नागपूर रेल्वेची ती अवाढव्य गॅरेट इंजिनं, म्हणजे मधे बॉयलर आणि दोन्ही टोकांना चाकं-सिलिंडरचे वेगळे संच असलेली, याच कंपनीची.) पहिली तीन १८७३ ची, नंबर १ सदरलंड, २ डर्बी, ३ पेंडर, म्हणजे तुम्ही बघितलेलं. मग १८७४ ला लॉख आणि मोना, १८७५ ला पेव्हरिल, १८८० ला टिनवाल्ड, १८९४ ला फेनेला, १८९६ ला डग्लस, १९०५ ला जी. एच. वुड आणि मेटलंड, १९०८ ला हचिन्सन, १९१० ला किसॅक, आणि सगळ्यात शेवटी १९२६ ला नंबर १६ मॅनिन. मधला नंबर १४ थॉर्नहिल, ते मूळ मँक्स नॉर्दर्नचं, पण तेही बेयर पीकॉकचंच आणि त्याच घाटाचं, १८८० चं. १८७३ ते १९२६ म्हणजे ५३ वर्षं झाली हो. एवढ्या काळात जगात वाफ आणखी तापवणारा सुपरहीटर आला, पिस्टन व्हॉल्व्ह आले, व्हॉल्व्ह हलवणारी बाहेरची वॉलशार्ट गिअर सगळीकडं झाली, आणि ही मंडळी त्याच कारखान्याला सांगतायत की आम्हाला तेच द्या, फक्त जरा मोठं.

डिझाईन काय होतं ते बघू. २-४-० टँक, म्हणजे पुढं एक छोटी चाकाची जोडी, मागं ओढणाऱ्या दोन जोड्या, आणि पाणी बॉयलरच्या दोन्ही बाजूच्या टाक्यांत. हे डिझाईन काही बेटासाठी कोऱ्या कागदावर काढलेलं नाही, बेयर पीकॉकनं १८६६ मधे नॉर्वेच्या साडेतीन फुटी लाईनसाठी असंच इंजिन बनवलं होतं, तेच थोडं आवळून तीन फुटाला बसवलं. हे मला फार शहाणपणाचं वाटतं, कारण नॉर्वेची लाईन पण डोंगराळ, वळणांची, हलक्या रुळांची, थोडक्या पैशात टाकलेली, म्हणजे जिथं घासून पुसून पास झालंय तेच उचललं. डब्यांचं कपलिंग सुद्धा नॉर्वेच्याच पद्धतीचं आलं, मधोमध एक बफर आणि त्यावर पडणारा हुक, चॉपर कपलिंग म्हणतात त्याला.

सिलिंडर बाहेरच्या बाजूला, ११ इंच बोअर (आतला व्यास) आणि १८ इंच स्ट्रोक (पिस्टनची धाव), आणि नीट बघितलंत तर ते आडवे नाहीत, पुढं वर उचललेले तिरपे आहेत. ते दिसायला छान म्हणून नाही तर सिलिंडरच्या खाली पुढचं छोटं चाक आहे आणि त्या चाकाला वळणावर डावी-उजवीकडं सरकायला जागा लागते. ते चाक बिसेल पद्धतीच्या ट्रकवर, म्हणजे वेगळ्या वळणाऱ्या छोट्या चौकटीवर आहे, त्याचा खुंटा मागं, त्यामुळं वळण आलं की आधी छोटं चाक वळतं आणि पाठोपाठ इंजिनाचं नाक त्या दिशेला ओढतं, मोठ्या चाकाचा फ्लँज, म्हणजे आतल्या बाजूची कड, रुळाला करकरत घासत नाही. ज्यांनी शेडमधे फ्लँज झिजून धारदार झालेली टायरं बघितलीत त्यांना कळेल की याचे पैसे किती वाचतात. व्हॉल्व्ह गिअर, म्हणजे सिलिंडरमधे वाफ कधी सोडायची ते ठरवणारी जोडणी, मात्र आत, फ्रेमच्या मधे, अ‍ॅलनची सरळ लिंकवाली. तेल घालायला आत हात घालावा लागतो, हे फिटरला त्रासाचं, पण धूळ आणि खडीपासून ती जपली जाते आणि बाहेर मोजकेच रॉड राहतात.

ओढणारी चाकं ३ फूट ९ इंची. नॅरोगेजच्या मानानं ही मोठीच चाकं. आमच्या बार्शी लाईनवर किट्सनची जुनी ०-८-४ टँक इंजिनं होती, ती लाईन उभी करणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपनी पाच टन अ‍ॅक्सल लोडचा, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर पाच टनच वजन, असा हिशोब बसवून मागवलेली, तिथं वजन जास्त चाकांवर वाटून द्यायचं आणि माल ओढायचा हा विचार. बेटावरचा विचार वेगळा, तिथं मुख्य धंदा उन्हाळ्यात बोटीनं येणाऱ्या प्रवाशांचा, डबे हलके, अंतर थोडं, पण गाडी जरा पळाली पाहिजे. म्हणून चार चाकं ओढणारी आणि मोठी.

ताकद मोजायची तर कागदावर बघा. सिलिंडरच्या व्यासाचा वर्ग गुणिले स्ट्रोक गुणिले प्रेशर, भागिले चाकाचा व्यास, आणि त्याचे ८५ टक्के. पहिल्या इंजिनांना प्रेशर चौरस इंचाला १२० पौंड होतं, म्हणजे ११ गुणिले ११ गुणिले १८ गुणिले १२०, भागिले ४५, त्याचे ८५ टक्के, उत्तर येतं ४९०० पौंडांच्या वर, साधारण सव्वादोन टन ओढ. आता यातली एकच गोष्ट बदला, प्रेशर १२० चं १६० करा, तर तेच सिलिंडर, तीच चाकं, त्याच रॉडवर ओढ सरळ ६५०० च्या वर जाते, एक तृतीयांश जास्त. माझ्या मते बेटाच्या रेल्वेचं सगळं गुपित याच्यातच आहे. खालचा सांगाडा तोच ठेवायचा आणि वरचा बॉयलर मोठा करत जायचा.

आणि त्यांनी अगदी तसंच केलं. सुरुवातीची छोट्या बॉयलरची, ३२० गॅलन पाण्याची, म्हणजे साडेचौदाशे लिटर. १९०५ पासूनची मधल्या बॉयलरची, ४८० गॅलनची. मग जुन्यांपैकी लॉख, मोना, पेव्हरिल यांनाही मधला बॉयलर चढवून टाकला. शेवटचं मॅनिन मोठ्या बॉयलरचं, सिलिंडर १२ इंची, टाकी ५२० गॅलन. पण लांबून बघा, चिमणीला तांब्याची कड, पितळेचा डोम (बॉयलरवरचा वाफेचा घुमट), जुन्यांच्या डोमवर सॉल्टरच्या स्प्रिंगवाले सेफ्टी व्हॉल्व्ह, तिरपे सिलिंडर, सगळी एका घरातली.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं येतो, तीच इंजिनं का.

स्टीम इंजिनाचे बॉयलरवाले लोक मनातल्या मनात दोन भाग करतात. खाली फ्रेम, चाकं, सिलिंडर, आणि वर बॉयलर. खालच्या भागाचं झिजणं सावकाश असतं आणि दुरुस्तीला सोपं, टायर बदलता येते, अ‍ॅक्सल बॉक्सचं ब्रास (बेअरिंग) नवीन ओतता येतं, सिलिंडर बोअर करून लायनर ठोकता येतो, फ्रेमला तडा गेला तर तुकडा घालता येतो. बॉयलर मात्र संपणारी वस्तू आहे, ती कितीही जपा. रोज तापतो, थंड होतो, ताणतो, आकसतो. आगीचा धूर ज्यातून जातो त्या ट्यूबा तर दर काही वर्षांनी काढायच्याच. फायरबॉक्सच्या, म्हणजे आगीच्या पेटीच्या, आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यामधे ते धरून ठेवणारे जे शेकडो स्टे (आडव्या सळ्या) असतात ना, त्यातला एक तुटला की शेजारच्यावर भार, मग तो तुटतो. ते दोन पत्रे जिथं खाली जुळतात त्या फाउंडेशन रिंगजवळ गाळ बसतो, तिथं पाणी पोचत नाही आणि पत्रा आतून खात जातो, बाहेरून काही दिसत नाही. हातोडीनं स्टे वाजवून बघायचे असतात, चांगला स्टे हाताला टणक लागतो आणि हातोडी उसळते, तुटलेला बद्द वाजतो. हे ऐकून शिकायचं काम आहे, आणि जगात जिथं जिथं लोको बॉयलर आहे तिथं हे असंच आहे, कुर्डुवाडी असो की डग्लस.

तर बॉयलर संपणार हे ठरलेलं. मग प्रश्न एवढाच की संपल्यावर काय करायचं. मोठ्या रेल्वेला सोपं आहे, इंजिन भंगारात आणि नवीन क्लास आणा. बेटावरच्या रेल्वेला तसं करता येत नाही. बारकी कंपनी, उन्हाळ्यात कमाई, हिवाळ्यात शुकशुकाट, प्रत्येक जड पार्ट बोटीनं येणार, आणि शेजारच्या रेल्वेकडून इंजिन उसनं आणायची सोय नाही कारण शेजारी समुद्र. अशा ठिकाणी पंधरा इंजिनं जर एकाच घाटाची असतील तर एकाचा बॉयलर दुसऱ्यावर बसतो, एकाची चाकं दुसऱ्याखाली जातात, एकच पॅटर्न ठेवून सगळ्यांचे ब्रास ओतता येतात, आणि फिटर एका इंजिनावर जे शिकला ते सगळ्यांवर चालतं. गाड्या हिवाळ्यात कमी, त्यामुळं डग्लसच्या वर्कशॉपला मोठी कामं काढायला महिनेच्या महिने मिळतात.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण १९९८ चं. रेल्वेला सव्वाशे वर्षं झाली तेव्हा नंबर १ सदरलंडला, जे कितीतरी वर्षं थंड पडून होतं, परत वाफेवर आणलं. त्याच्यासाठी बॉयलर कुठून आणला, तर नंबर ८ फेनेलाचा काढून बसवला. १८७३ च्या सांगाड्यावर १८९४ च्या इंजिनाचा बॉयलर, आणि बसला! पुढं तो परत फेनेलाला गेला. उलट बाजूचं उदाहरण टिनवाल्डचं, ते १९४५ ला कामातून काढलं, कामाचे पार्ट दुसऱ्यांनी घेतले, आणि आज त्याची फ्रेम तेवढी आहे. काही लोकांना हे वाईट वाटतं, मला नाही वाटत, टिनवाल्डमुळं बाकीची पळत राहिली.

म्हणून 'तीच का' याचं माझं उत्तर असं, की रेल्वेच्या धंद्यात इंजिन म्हणजे त्याची फ्रेम. नंबर फ्रेमचा असतो, बॉयलरचा वेगळा. या हिशोबानं आज लॉख बघाल तर ते १८७४ चं लॉखच आहे. त्याच्यावरचा बॉयलर नंतरचा, ट्यूबा अगदी अलीकडच्या, टायर कितव्यांदा बदलली कोण मोजतंय, पण हे सगळं ज्या दिवशी इंजिन बनलं त्या दिवशीच ठरलेलं होतं, बनवणाऱ्यांनी ते बदलता येईल असंच बनवलं होतं. त्याला खोटं म्हणणं म्हणजे चालत्या इंजिनावर अन्याय आहे. उलट ज्याचा कधी काही बदललाच नाही असं शंभर टक्के अस्सल इंजिन हवं असेल तर ते जास्त करून लवकर बंद पडलेलंच सापडेल.

आणि वेगळ्या घाटाच्यांचं काय झालं तेही बघा. मँक्स नॉर्दर्नकडं शार्प स्ट्युअर्टची दोन इंजिनं होती, रॅम्सी आणि नॉर्दर्न, १८७९ ची. १९०५ च्या सुमाराला ती कंपनी मोठ्या कंपनीत विलीन झाली. त्याच कंपनीकडून आलेलं बेयर पीकॉकचं थॉर्नहिल पुढं कितीतरी वर्षं चाललं, पण शार्प स्ट्युअर्टची दोन्ही त्याच्या कितीतरी आधी मोडीत निघाली. इंजिनं वाईट होती असं नाही, त्यांना स्टोअरमधे कोणी नातेवाईक नव्हता एवढंच.

अपवाद एकच, आणि तो मोठा गोड आहे, नंबर १५ कॅलेडोनिया. हे ग्लासगोच्या ड्युब्स कंपनीचं, १८८५ चं, ०-६-०, सहाही चाकं ओढणारी, मँक्स नॉर्दर्ननं फॉक्सडेलच्या खाणीच्या चढावासाठी घेतलेलं. अंगात ताकद बाकी सगळ्यांपेक्षा जास्त, पण पुढं वाट दाखवणारं चाक नाही, त्यामुळं वळणांवर रुळाला जड जातं. रोजच्या गाडीला म्हणून ते नावडतं, पण जिथं नुसता जोर पाहिजे तिथं याची आठवण. १८९५ ला स्नेफेल डोंगरावरची विजेची रेल्वे बांधताना सामान वर न्यायला हेच इंजिन नेलं, ती लाईन साडेतीन फुटी म्हणून याच्यासाठी तीन फुटावर तिसरा रूळ टाकला होता, आणि १९९५ ला त्या लाईनच्या शंभरीला परत याला डोंगर चढवला. तर विजोड असूनही ते वाचलं ते अशा नडीच्या कामांमुळं, नाहीतर हिशोबाच्या वहीत त्याची जागा शार्प स्ट्युअर्टच्या शेजारीच होती.

चालवण्याची एक गोष्ट सांगतो जी प्रवाशाला डब्यात बसून कळत नाही. डग्लस सुटलं की लगेच चढ लागतो, ननरी बँक म्हणतात (रेल्वेत बँक म्हणजे चढ), ६५ ला १ चा, म्हणजे ६५ फुटांत एक फूट वर. इंजिनाची चिमणी पोर्ट एरिनकडं तोंड करून असते आणि तिथं फिरवत नाहीत, त्यामुळं परत येताना ते उलटं चालतं, कोळशाचा बंकर पुढं. आता ६५ ला १ म्हणजे तीन मीटर लांबीच्या बॉयलरमधे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाण्याच्या पातळीत साडेचार सेंटीमीटरचा फरक. जाताना चिमणी वर, पाणी मागं येतं, फायरबॉक्सच्या क्राउन शीटवर, म्हणजे छताच्या पत्र्यावर, भरपूर पाणी, चिंता नाही. येताना बॅलसालाकडून सँटनकडं चढताना बंकर पुढं आणि वर, पाणी पळतं चिमणीकडं, आणि नेमकं ज्या पत्र्याखाली आग आहे तिथलं पाणी उतरतं. पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत (ग्लासमधे) दिसणारी पातळी तेव्हा फायरमननं जास्त ठेवायची असते, आणि ती चढ लागायच्या आधी, चढावर इंजेक्टरनं बॉयलरमधे गार पाणी मारत बसलं तर प्रेशर पडतं. छोट्या बॉयलरमधे हे सांभाळणं जास्त अवघड, कारण पाणी आणि वाफ दोन्ही थोडं, चुकीला जागा नाही. मोठ्या बॉयलरचा खरा फायदा ड्रायव्हरला विचाराल तर तो ओढीच्या आधी हाच सांगेल.

ब्रेकचं पण तसंच, सुरुवातीला सगळ्या डब्यांना लागणारा ब्रेक नव्हताच, ब्रेक्समन हातानं लावायचे. १९२५ ला डग्लसमधे गाडी थांबली नाही आणि अपघात झाला, त्यानंतर व्हॅक्युम ब्रेक आला. डब्यांमधेही त्यांनी हीच काटकसर केली, जुन्या चारचाकी डब्यांच्या दोन दोन बॉड्या उचलून एका बोगीच्या सांगाड्यावर बसवल्या, 'पेअर्स' म्हणतात त्यांना. १९६१ ला आयर्लंडच्या काउंटी डोनेगल रेल्वेच्या दोन डिझेल रेलकार विकत आणल्या, ते जमलं कारण तिथलंही गेज तीन फुटी.

आपल्याकडं याला जवळचं काय, तर माथेरान. ते बेट नाही, पण दोन फुटी गेजचा एकटाच डोंगर म्हणजे तसंच. तिथं ओरेनस्टाइन अँड कॉपेलची चारही स्टीम इंजिनं एकाच घाटाची होती, ७३८ ते ७४१, वळणांसाठी सरकत्या अ‍ॅक्सलवाली, आणि १९०७ ची ती लाईन त्या चार इंजिनांनी कितीतरी वर्षं रेटली. बार्शी लाईनवर मात्र किट्सन, नॅस्मिथ विल्सन, बॅगनॉल असे वेगवेगळे क्लास, माल वाढेल तशी मोठी इंजिनं आणावीच लागली, आणि स्टोअरवाल्याचं डोकं कायम तापलेलं.

तुमचं जाणं झालंच तर ठराविक सीझनलाच गाड्या असतात हे लक्षात ठेवा, आणि डग्लसहून निघताना अगदी पुढच्या डब्यात बसा, ननरी बँकवर इंजिनाचे ठोके मोजता येतील, चाकाच्या एका फेऱ्याला चार. पोर्ट एरिनला स्टेशनजवळच रेल्वेचं म्युझियम आहे, ते चुकवू नका. आणि मँचेस्टरला परत गेलात तर पेंडरच्या कापलेल्या बाजूनं फायरबॉक्सच्या दोन पत्र्यांमधली ती बोटभर जागा आणि त्यातले आडवे स्टे बघा, मी वर जे लिहिलंय ते सगळं तिथं उघडं दिसतं. त्याच म्युझियमच्या संग्रहात बेयर पीकॉकचं आफ्रिकेत चाललेलं गॅरेट आणि पाकिस्तानातून आणलेलं ब्रॉडगेज इंजिन पण आहे, त्यांच्या फायरबॉक्सशी ताडून बघितलंत तर बेटावरच्या इंजिनाचा आकार खरा कळेल.